४६ पुस्तकं वाचली आणि आता बोलताच येत नाही

पत्र थोडक्यात असं आहे. चाळिशीच्या आसपासचे एक वाचक आहेत. गेल्या वर्षी त्यांनी ठरवलं की वर्षभर फक्त राजकारण, अर्थकारण आणि टेक्नॉलॉजी या तीनच विषयांवर वाचायचं. आठवड्याला एक पुस्तक असं टार्गेट होतं, ४६ झाली, एक्सेलमध्ये नोंद आहे, १७ राजकारणाची, १८ अर्थकारणाची, ११ टेक्नॉलॉजीची, शिवाय हायलाइट केलेल्या ओळींची वेगळी फाइल आहे. पण वर्ष संपल्यावर त्यांना वाटतंय की काहीच आठवत नाही, आणि त्यांच्याच शब्दांत, "आधी मी ठामपणे बोलायचो, आता तोंड उघडलं की अडखळतो." मेहुणे एकही पुस्तक वाचत नाहीत, छोटे व्हिडिओ बघतात, आणि घरच्या गप्पांमध्ये दर वेळी बाजी मारून जातात. त्यात आठवीतल्या मुलीने विचारलं, "सरकारकडे नोटा छापायचं मशीन आहे ना, मग छापून सगळ्यांना वाटून का नाही टाकत?" यावर हे जर्मनी, जपान, कोविड असं पाच मिनिटं बोलले आणि ती "बरं" म्हणून उठून गेली. त्यांचे प्रश्न तीन. वर्ष फुकट गेलं का? यापुढे पुस्तकांऐवजी एआयकडून समरी करून घेतलेली बरी का? आणि पुढच्या वर्षासाठी चांगली लिस्ट मिळेल का?

तुमचं पत्र मी तीनदा वाचलं. पहिल्यांदा आकडे दिसले, ४६, १७, १८, ११. तिसऱ्यांदा वाचताना मात्र मुलीचा प्रश्नच दिसत राहिला आणि तेव्हापासून तो डोक्यातून जात नाहीये, त्यामुळे हे उत्तर बरंचसं त्याच्याभोवतीच फिरणार आहे. लिस्ट देणार नाहीये हे आत्ताच सांगते, उगाच शेवटपर्यंत वाट बघायला नको.

आधी ते "काहीच आठवत नाही" बद्दल. हे लिहिताना तुम्ही स्वतःवर फार चिडलेले वाटलात. विसरणं हा काही तुमचा एकट्याचा दोष नाही हो. हर्मन एबिंगहाउस या जर्मन संशोधकाने १८८५ मध्ये स्वतःवरच केलेले प्रयोग छापले, तो निरर्थक अक्षरांच्या याद्या पाठ करायचा आणि किती वेळाने त्यातलं किती उरतं ते मोजायचा, तर पहिल्या काही तासांतच बरंचसं गळून जायचं आणि मग गळती मंदावायची. अर्थ असलेला मजकूर याहून जास्त टिकतो हे खरं, पण एक पुस्तक मिटलं की दुसऱ्या दिवशी दुसरं उघडायचं, असं ४६ वेळा केल्यावर डोक्याला काही जिरवायला वेळ कुठे मिळाला? टार्गेट पूर्ण करायच्या नादात पुस्तक संपल्यानंतरचे दोन-तीन दिवस, जे मला वाटतं सगळ्यात कामाचे असतात, ते तुम्ही दर वेळी पुढच्या पुस्तकाला देऊन टाकलेत.

आणि ती हायलाइट्सची फाइल. २००६ मध्ये रोडिगर आणि कार्पिकी या दोन मानसशास्त्रज्ञांनी विद्यार्थ्यांना उतारे वाचायला दिले, काहींनी ते पुन्हा वाचले, काहींनी कागद बाजूला ठेवून आठवेल तेवढं लिहून काढलं. पाच मिनिटांनी बघितलं तर पुन्हा वाचणारे पुढे होते, आठवड्याने बघितलं तर आठवून लिहिणारे पुढे गेले. गंमत म्हणजे पुन्हा पुन्हा वाचणाऱ्यांनाच आपल्या लक्षात राहील याची जास्त खात्री होती. हायलाइट केलेली ओळ ही पुन्हा वाचायची सोय असते, ती नजरेखालून गेली की वाटतं हे तर आपल्याला येतं. म्हणून फाइल डिलीट करू नका पण महिनाभर उघडूही नका. त्याऐवजी ४६ पैकी कुठलीही पाच नावं घ्या आणि प्रत्येकावर काहीही न बघता अर्धं पान लिहा. दोन-तीन पुस्तकांवर तुम्हाला वाटतंय त्याहून खूप जास्त लिहाल अशी माझी खात्री आहे, आणि एखाद्यावर चार ओळीही निघणार नाहीत, तर ते पुस्तक गेलं असं समजा, त्याचं वाईट वाटून घेऊ नका.

आता तुमचं ते वाक्य, "आधी मी ठामपणे बोलायचो". तुम्ही ते तक्रार म्हणून लिहिलंय. मला विचारायचंय की तो ठामपणा आला कुठून होता? वाचायला लागायच्या आधीच होता म्हणजे वाचनातून तर आला नव्हता. बहुतेक वेळा तो आपल्या आजूबाजूच्या चार माणसांकडून, घरातल्या वातावरणातून, एखाद्या चॅनलवरून आलेला असतो आणि आपण तो स्वतःचा समजून वापरत असतो, मीही कित्येक वर्षं वापरलाय. मग तो गेला तर तुमचं स्वतःचं असं नेमकं काय गेलं? फिलिप टेटलॉक या अमेरिकन मानसशास्त्रज्ञांनी जवळपास वीस वर्षं राजकारण-अर्थकारणातल्या २८४ तज्ज्ञांची हजारो भाकितं गोळा करून तपासली आणि २००५ मध्ये त्यावर पुस्तक काढलं. एकाच मोठ्या कल्पनेच्या चष्म्यातून सगळं बघणारे आणि छातीठोक सांगणारे तज्ज्ञ जास्त चुकलेले निघाले, थोडं इथून थोडं तिथून घेऊन "पण", "तरीसुद्धा" करत बोलणारे तुलनेने बरे निघाले, आणि माध्यमांमध्ये ज्यांना जास्त मागणी ते अचूकपणात मागेच होते. तुमचं अडखळणं ऐकायला वाईट वाटत असेल पण या हिशोबाने तुम्ही काही चुकीच्या रस्त्याला लागलेले नाहीत.

पण थांबा, एवढ्यावर समाधान मानू नका. गोंधळ दोन प्रकारचे असतात आणि बाहेरून दोन्ही सारखेच दिसतात. एक म्हणजे विषयाच्या दोन-तीन बाजू खरंच कळल्यात आणि त्या एकमेकींशी जुळत नाहीयेत. दुसरा म्हणजे नीट काहीच कळलेलं नाही, फक्त शब्द ओळखीचे झालेत. वित्तीय तूट, ध्रुवीकरण, अल्गोरिदम, व्याजदर, शब्द दिसला की वाटतं हो हो, हे वाचलंय. रोज रस्त्यात दिसणाऱ्या माणसाला आपण मान हलवतो, त्याच्या घरात काय चाललंय ते कुठे माहीत असतं, तसं. २००२ मध्ये रोझेनब्लिट आणि काइल या संशोधकांनी लोकांना विचारलं की झिप कशी चालते हे तुम्हाला किती कळतं, लोकांनी स्वतःला बऱ्यापैकी मार्क दिले, मग त्यांना सांगितलं की आता पायरी पायरीने समजावून लिहा, आणि लिहून झाल्यावर त्याच लोकांनी स्वतःचे मार्क कमी केले. रोज हाताळायच्या झिपचं हे असं होतं, तर महागाईचं काय होत असेल!

तुमचा गोंधळ यातला कुठला? मुलीला दिलेल्या उत्तरावरून मला वाटतं दोन्ही आहेत, आणि ते वेगळे करता येतात, बघा.

तुम्ही तिला तीन गोष्टी सांगितल्यात. जर्मनीत १९२३ साली एवढ्या नोटा छापल्या की नोव्हेंबरमध्ये एका डॉलरला ४.२ लाख कोटी मार्क मोजायची वेळ आली. जपानच्या मध्यवर्ती बँकेने २००१ पासून, आणि २०१३ नंतर तर फारच मोठ्या प्रमाणावर नवा पैसा काढून रोखे विकत घेतले, तरी तिथे वर्षानुवर्षं भाव जेमतेमच हलले. आणि कोविडमध्ये कितीतरी सरकारांनी लोकांना थेट पैसे दिले, तेव्हा लगेच काही झालं नाही, मग भाव चढत गेले आणि जून २०२२ मध्ये अमेरिकेत महागाई ९.१ टक्क्यांवर पोचली, चाळीस वर्षांतली सगळ्यात जास्त. म्हणजे एकदा छापल्यावर सत्यानाश, एकदा काहीच नाही, एकदा उशिराने महागाई. मुलगी "बरं" म्हणून उठली यात तिचं काय चुकलं? तिन्ही गोष्टी खऱ्या आहेत पण मणी होते आणि दोरा नव्हता.

दोरा तसा फार अवघड नाहीये. पैसा किती वाढला, तो कुणाच्या हातात गेला, आणि समोर विकत घ्यायला माल किती आहे, हे तीन प्रश्न प्रत्येक गोष्टीला विचारून बघा. जर्मनीत भाव आधीपासूनच चढत होते, त्यात जानेवारी १९२३ मध्ये पहिल्या महायुद्धाची नुकसानभरपाई थकली म्हणून फ्रान्स आणि बेल्जियमच्या सैन्याने रूर हा कोळसा आणि पोलादाचा भाग ताब्यात घेतला, कामगारांनी निषेध म्हणून काम बंद ठेवलं आणि सरकार त्यांना नोटा छापून पगार देत राहिलं, म्हणजे लोकांच्या हातातला पैसा वाढतोय आणि त्याच वेळी माल कमी होतोय. जपानमध्ये नवा पैसा मोठ्या प्रमाणात बँकांच्या मध्यवर्ती बँकेतल्या खात्यात पडून राहिला, बाजारात खर्च व्हायला आलाच नाही. कोविडमध्ये पैसा थेट घरांत गेला पण लोक घरात बसलेले, खर्च कुठे करणार, आणि ते बाहेर पडले तेव्हा कारखाने आणि बंदरं तुंबलेली, वर २०२२ मध्ये युक्रेनचं युद्ध आणि इंधनाचे भाव. यातल्या कशाचा वाटा किती यावर अर्थतज्ज्ञांमध्ये अजून वाद आहे, आणि तिथे तुम्ही अडखळलात तर ते पहिल्या प्रकारचं अडखळणं, प्रामाणिक. पण वरच्या तीन प्रश्नांवर अडखळलात तर तिथे अभ्यास राहिलाय असं समजायचं. फरक असा शोधायचा, उदाहरणागणिक, "मला काहीच येत नाही" असं सरसकट म्हणून नाही.

आणि या एका प्रश्नात तुमच्या एक्सेलच्या तिन्ही कॉलम आहेत हे तुमच्या लक्षात आलं का? ती "मशीन" म्हणाली ना, तर आज बहुतेक पैसा छापलेला नसतोच, बँकांच्या कॉम्प्युटरमधली नोंद असतो. बँक ऑफ इंग्लंडने २०१४ मध्ये सामान्य वाचकांनाही कळेल असं समजावून सांगितलं होतं की बँक कर्ज देते तेव्हा घेणाऱ्याच्या खात्यात तेवढी रक्कम जमा म्हणून लिहिते आणि त्याच क्षणी नवा पैसा तयार होतो. ही झाली टेक्नॉलॉजी आणि अर्थकारण. मग हे बटण कुणाच्या हातात असावं? हे झालं राजकारण, आणि त्यावरचं भांडण जुनं आहे. ब्रिटिश अर्थतज्ज्ञ केन्स यांनी १९१३ मध्ये भारतीय चलनावरच्या पुस्तकात सुवर्ण विनिमय पद्धतीची, म्हणजे व्यवहारात रुपयाच चालेल पण त्याचा दर सोन्याशी बांधलेला राहील अशा पद्धतीची बाजू घेतली, आणि डॉ. आंबेडकरांनी १९२३ च्या 'द प्रॉब्लेम ऑफ द रुपी' मध्ये तिला विरोध केला, कारण चलन किती काढायचं याची मोकळीक राज्यकर्त्यांच्या हातात राहते हेच त्यांना धोक्याचं वाटत होतं, त्यावर पक्की मर्यादा हवी असं त्यांचं म्हणणं. तेव्हा ते बत्तिशीच्या आसपास होते. ही दोन्ही पुस्तकं समोरासमोर ठेवून वाचताना मला पहिल्यांदा कळलं की अर्थशास्त्र म्हणजे पाठ करायची उत्तरं नाहीत, दोन हुशार माणसं एकाच वस्तुस्थितीकडे बघून वेगळी भीती बाळगतात आणि दोघांच्या भीतीला कारण असतं. तुमच्या मुलीने नेमकं त्याच वादाच्या दारावर टकटक केलीय, शंभर वर्षांनी.

म्हणून लिस्ट देत नाहीये. पुढचं वर्ष तिच्या प्रश्नाला द्या. एक प्रश्न, आणि त्यासाठी लागतील तेवढीच पुस्तकं, सहा लागोत की पंधरा, त्यात एखादं पूर्ण, एखाद्याची दोनच प्रकरणं, मधूनच सोडून दिलेलं चालेल. ज्यांना हा प्रश्न नकोय त्यांनी स्वतःचा घ्यावा, फक्त तो कुणीतरी खरोखर विचारलेला असावा आणि आपल्याला त्याचं उत्तर देता न आलेलं असावं. एखाद्या मुद्द्यावर पुस्तक पटलं की त्याचा विरोधक शोधायचा, आणि विरोधकही असा की ज्याला पहिल्याचं म्हणणं नीट माहितीय, नुसता चिडलेला नको. एक्सेल ठेवायची असेल तर ठेवा, पण त्यात पुस्तकाच्या नावापुढे एकच कॉलम, "यामुळे माझं कुठलं मत हललं". रिकामी राहिली तरी चालेल.

टेक्नॉलॉजीच्या ११ पुस्तकांबद्दल तुम्ही लिहिलंय की संपेपर्यंतच जुनी झाली. ते होणारच, म्हणून मी म्हणेन की या विषयात थोडं मुद्दाम जुनं वाचा. एडिसनचं न्यूयॉर्कमधलं वीज केंद्र १८८२ मध्ये सुरू झालं, पण कारखान्यांना विजेचा खरा फायदा दिसायला १९२० चं दशक उजाडलं, कारण आधी लोकांनी वाफेचं इंजिन काढून त्याच जागी मोठी मोटर बसवली आणि बाकी सगळं तसंच ठेवलं, प्रत्येक मशीनला स्वतःची छोटी मोटर आली आणि अख्खा कारखाना नव्याने मांडला गेला तेव्हा कुठे फरक पडला. आज एआयवरचं कुठलंही पुस्तक हातात घेतलं की मला ही गोष्ट आठवते आणि मी लेखकाला मनात विचारते, तू नुसती मोटर बदलतोयस की कारखाना नव्याने मांडतोयस? भाकितांचंही तसंच. केन्स यांनी १९३० मध्ये लिहिलं होतं की शंभर वर्षांनी माणसाला आठवड्याला पंधरा तास काम पुरेल. उत्पन्न वाढेल हा त्यांचा अंदाज खूपसा खरा ठरला, तास मात्र तेवढे कमी झालेच नाहीत. का झाले नाहीत हे शोधायला बसलात तर एक महिना छान जाईल.

आता एआयच्या समरीचं. मी तिच्या विरोधात नाहीये, कुठलं पुस्तक घ्यायचं हे ठरवायला ती मी पण वापरते. पण समरीत निष्कर्ष मिळतो, आणि तुमच्याकडे निष्कर्ष खच्चून भरलेत, कमी आहे ती तिथवर जायची वाट. २०१० मध्ये राइनहार्ट आणि रोगॉफ या नामवंत अर्थतज्ज्ञांचा पेपर आला, त्याची समरी एका ओळीची, सरकारी कर्ज जीडीपीच्या, म्हणजे देशाच्या वर्षभराच्या एकूण उत्पादनाच्या, ९० टक्क्यांवर गेलं की अर्थव्यवस्थेची वाढ ढासळते. ती ओळ कितीतरी देशांच्या राजकारणात खर्चकपातीच्या बाजूने फिरली. २०१३ मध्ये थॉमस हर्नडन या विद्यार्थ्याने त्यांची मूळ शीट मागून घेतली आणि बघतो तर सरासरी काढताना काही देशांच्या ओळी निवडायच्याच राहिलेल्या, शिवाय काही आकडे वगळलेले आणि सरासरीची पद्धतही वादाची. त्याने आणि त्याच्या शिक्षकांनी पुन्हा हिशोब केला तर उणे ०.१ टक्क्याच्या जागी वाढ २.२ टक्के निघाली. मूळ लेखकांनी शीटमधली चूक मान्य केली, पण जास्त कर्ज आणि कमी वाढ यांचा संबंध आहेच असं ते म्हणत राहिले. यातलं काहीही त्या एका ओळीत दिसलं नसतं. एआय वापरायचाच तर उलटा वापरा, आधी स्वतः समजावून लिहा आणि मग त्याला म्हणा यात भोकं दाखव, आणि त्याने जे सांगितलं ते कुठे तरी पडताळून बघा, कारण ते चुकीची गोष्ट पण तेवढ्याच आत्मविश्वासाने सांगतं.

मेहुण्यांचं राहिलं. त्यांच्याशी जिंकायचंय असं पत्रात चार वेळा आलंय, त्यामुळे ते खरंच लागलंय तुम्हाला, हे समजतं मला. पण ते बोलतायत दहा सेकंदांचं वाक्य आणि तुम्हाला लागतात पाच मिनिटं, त्या मैदानात तुम्ही हरणारच, अजून शंभर पुस्तकं वाचलीत तरी. २०१३ मध्ये फर्नबाख हे संशोधक आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी सरकारी धोरणांबद्दल ठाम मतं असलेल्या लोकांवर एक प्रयोग केला. काहींना विचारलं तुम्हाला असं का वाटतं, त्यांनी कारणं दिली आणि मत होतं तिथेच राहिलं. काहींना विचारलं हे धोरण लागू झालं तर नेमकं काय काय होत जाईल ते पायरी पायरीने सांगा, त्यांना आपल्याला किती कमी कळतंय ते जाणवलं आणि त्यांचं मत थोडं मवाळ झालं. तर पुढच्या वेळी मेहुणे म्हणाले की अमुक केलं की सगळं सुटेल, तेव्हा "कशावरून" म्हणू नका, "बरं, मग पुढे काय होईल?" एवढंच विचारा, आणि खरंच ऐकून घ्यायचं म्हणून विचारा, पकडायला म्हणून नको, ते लगेच कळतं समोरच्याला. कदाचित त्यांना तुमच्यापेक्षा एखादी पायरी जास्त माहीतही असेल.

आणि हाच प्रश्न मुलीला. आधी तिची माफी वगैरे मागायला जाऊ नका, सरळ म्हणा की तुझ्या त्या प्रश्नाचं उत्तर मला तेव्हा नीट देता आलं नाही, चल आपण करून बघू. समजा उद्या सकाळी सगळ्यांच्या खात्यात पैसे दुप्पट झाले. तू काय घेशील? सगळे तेच घ्यायला गेले तर? विकणारा काय करेल? तिला बोलू द्या, तुम्ही जर्मनीला जाऊ नका लगेच. ती पाच मिनिटांत तुम्हाला अशा एका जागी आणेल जिथे तुम्हाला उत्तर येत नसेल, बहुतेक "मग सगळ्यांना न देता फक्त गरिबांना दिले तर?" असं काहीतरी विचारेल. ते वाक्य तिच्याच शब्दांत लिहून घ्या आणि पुढचं पुस्तक त्यावरून निवडा.